मेथीवर घेतलेली शपथ

आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये शिरणं हे एखाद्या राजाच्या दरबारात शिरण्याहून अवघड आहे. दरबारात नुसता वशिला लागायचा. आमच्याकडे बेल-भंडार उचलावा लागतो.

ग्रुप तसा साधा. मध्य प्रदेशातल्या धार आणि देवासमधली मराठी माणसं. कोणाची गाडी कधी निघते, जागा आहे का, कोणाचं लोणचं पोचवायचं, कोणाची सासू आणायची, एवढंच. पण ग्रुप चालवतात धारचे एक निवृत्त मास्तर, आणि मास्तरांना साधं काही सोसत नाही. जुन्या काळी माणसं खंडोबापुढे हातात बेलाचं पान नि भंडारा घेऊन शब्द द्यायची, तो मोडला तर वंश बुडायचा, असं ते सांगतात. म्हणून नियम असा की नव्या सभासदाने तळहातावर बेल आणि हळद घेऊन फोटो टाकायचा आणि खाली लिहायचं, ‘माझ्या गाडीत बसेल त्याला घरच्यासारखा दारापर्यंत पोचवीन.’ मग सगळे हात जोडल्याची चित्रं टाकणार. झाला माणूस विश्वासू.

मी या प्रकाराला पहिल्यापासून हसत आलो. एकाच तळहाताचा फोटो, अंगठ्याशी तोच तीळ, अर्ध्या ग्रुपने टाकलेला आहे. म्हणजे आमच्या ग्रुपमध्ये मुळात एकच माणूस असून त्याच्या दारात शंभर गाड्या उभ्या आहेत. हे मी आत्याबाईंना फोनवर सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की धारच्या किल्ल्यावरचे पारवे उडाले असणार.

आत्याबाई, म्हणजे माझ्या वडिलांची बहीण, धारला एकट्या राहतात. एक डोळा लहानपणीच गेलेला. दुसऱ्यात मोतीबिंदू असा पिकला होता की शेजारीण दारात उभी राहिली तर त्या तिला कपाट समजून वळसा घालत. देवासच्या डॉक्टरांनी ऑपरेशनला शनिवारची सकाळ दिली आणि बजावलं की हा दिवस चुकवू नका. नंतर ते दोन महिने मुलीकडे परदेशात, आणि तोवर मोतीबिंदू इतका कडक होईल की काम जोखमीचं होऊन बसेल. असलेला एकच डोळा. तो त्या सकाळी आत्याबाईंसकट देवासला पोचायलाच हवा होता.

मीच देवासहून आणायला गेलो असतो, पण माझा हात प्लास्टरमध्ये. टेकडीच्या रस्त्यावर बिबट्याला वाचवताना स्कूटरवरून पडलो, असं मी लोकांना सांगतो. कुत्रं होतं. भाड्याची टॅक्सी सुचवली तर आत्याबाई म्हणाल्या, परक्या माणसाच्या गाडीत मी बसायची नाही, तुझ्या त्या बेल-भंडारवाल्यांतलाच कोणी बघ.

मी ग्रुपवर विचारलं. तीळवाल्या हातांपैकी एकही हलला नाही. एकाला सतवासला लग्न, दुसऱ्याची गाडी गॅरेजात, आणि मास्तरांची गाडी त्यांच्या म्हणण्याप्रमाणे शनिवारी गावाची वेस ओलांडत नाही. शेवटी एक नवा सभासद बोलला. तिशीतला, देवासच्या एका कारखान्यात सुपरवायझर. वडील नोकरीसाठी महाराष्ट्रातून आलेले. हा इथेच जन्मला, हिंदी शाळेत शिकला. त्याने लिहिलं, शुक्रवारी साहेबांना दर्शनाला धारच्या पुढे मोहनखेड्याला नेतोय, रात्री तिथेच मुक्काम, सकाळी रिटर्न येताना आजींना धारहून घेतो, टेन्शन घेऊ नका भिया. भिया म्हणजे आमच्या माळव्यातला भाऊ.

मी टेन्शन घेतलं नाही, ते तासभरच. मग टोंकखुर्दच्या एका शेतीवाल्या सभासदाने त्याचा शपथेचा फोटो मोठा करून पाहिला नि लिहिलं, “हा बेल नाहीये भिया. मेथी आहे. आमच्या खेतात ढीगभर होते.”

ग्रुपमध्ये जो गदारोळ उठला तसा मी निवडणुकीतही पाहिला नाही. बिचाऱ्याने खुलासा केला की क्वार्टरजवळ कुठे बेलाचं झाड नाही, मम्मी मेथी निवडत बसली होती, मेथीलाही तीनच पानं असतात, आणि हळद मात्र असली आहे. मास्तरांनी उत्तर दिलं, ‘पान खोटं तर शब्द खोटा,’ आणि त्याला ग्रुपमधून काढून टाकलं.

आता माझी फजिती बघा. इतके दिवस या सोहळ्याला हसणारा मी, पण मीच तो फोटो मोठा करून पानं मोजत बसलो. मेथी काय नि बेल काय, दोन्ही पालाच, हे डोक्याला पटत होतं. पण ज्याला एक पान शोधायचा कंटाळा आला, तो धारच्या बोळातलं आमचं दार शोधेल? त्यातून ग्रुपमधून हाकललेला. आता त्याला कोणाची भीड? मी आत्याबाईंना फोन लावला, सगळं सांगितलं आणि म्हटलं, ओळखीचा टॅक्सीवाला बघतो.

“फोटोतला हात कोणाचा होता?” त्यांनी विचारलं.

“त्याचाच. मनगटावर भाजल्याचा डाग आहे, तोच त्याच्या प्रोफाइलच्या फोटोतही दिसतो.”

“मग झालं तर. पान चुकलं असेल, हात तर उसना आणला नाही ना? मी त्याच्याचबरोबर येणार.”

शनिवारी सकाळी मी हॉस्पिटलच्या फाटकात उभा. टॅक्सीवाल्याचा नंबर तयार ठेवला होता. पण गाडी वेळेच्या आधीच आली. पुढच्या सीटवर आत्याबाई, मांडीवर डबा, आणि गाडी चालवणाऱ्या त्या मेथीवाल्याला खंडोबाच्या षड्‌रात्राची माहिती देणं चालू. त्याने उतरून त्यांचा हात धरला, पायऱ्या चढवून आणलं आणि तो हात माझ्या धडक्या हातात दिला. मी गाडीत डोकावलो. मागची सीट रिकामी. साहेब कुठे, म्हणून विचारलं.

साहेबांना काल ताप भरला, मोहनखेडा कॅन्सल, असं तो म्हणाला. म्हणजे हा पठ्ठ्या पहाटे देवासहून निघून नुसता आत्याबाईंसाठी धारला गेला नि परत आला.

“अरे, मग मला फोन करायचास. दुसरी काही सोय केली असती.”

“फोन कशाला भिया, हातात घेतलं होतं ना.” मग जरा ओशाळून म्हणाला, “मला वाटलं, सगळेच ते सीरियसली घेतात.”

मी त्याला माझ्या पैशाने चहा पाजला. माझ्या बायकोला हे अजून खरं वाटत नाही.

मी ग्रुपवर सगळं लिहिलं. सवयीप्रमाणे थोडं तिखटमीठ लावलं, वाटेत एक पूर आणि दोन रानडुकरं घातली. मास्तरांनी त्याला परत घेतलं, पण बेलाच्या पानाचा फोटो टाकण्याच्या अटीवर. त्याने तो अजून टाकलेला नाही.

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंची पट्टी निघाली. डॉक्टरांनी बोटं दाखवली, ती त्यांनी बरोबर सांगितली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, तो फोटो काढ बघू. मी मोबाइल पुढे धरला. बराच वेळ त्या बघत राहिल्या, आधी लांबून, मग जवळ घेऊन.

“मेथीच आहे,” त्या म्हणाल्या. “पण चांगली निवडून घेतलीय. एक पान पिवळं नाही.”