आत्या बैठकीला बसली नाही

आत्याचं भाषण मला अजून ऐकायचं आहे. सबंध, मैदानात, लाउडस्पीकरवरून. लालबागच्या आमच्या चाळीत, गॅलरीत कपडे वाळत घालताना ती त्याची तालीम करायची, तेवढंच मी ऐकलं. "माझ्या भगिनींनो," म्हणून ती परकर झटकायची आणि शेजारची काकी आतून ओरडायची, "आणि भावांनी काय पाप केलंय गो? त्यांचीपण मतं लागतील."

आत्या परळच्या एका इस्पितळात आया. उरलेला सगळा वेळ पक्षाचा. ती पत्रकांच्या घड्या घालायची आणि मी ती मोठ्याने वाचायचे. शाळेत जायच्या आधीच मला 'धिक्कार' लिहिता येत होतं. पाणी आलं नाही, बिल्डरने कराराचा कागद पुढे केला, कुणाच्या सासूला खाट मिळेना, की लोक आत्याकडे यायचे.

म्हणून गेल्या निवडणुकीआधी पक्षाने सांगितलं की या वेळी उमेदवार वरून येणार नाही, वॉर्डातले सभासदच मत देऊन ठरवतील, तेव्हा आमच्या मजल्यावर कुणाला शंकाच उरली नाही. आत्यालाही नाही. तिला नगरसेविका व्हायचं होतं, आणि ते ती पहिल्यांदाच उघड बोलू लागली. मी तिच्यासाठी पत्रक लिहिलं. तिने त्यातली चार विशेषणं खोडली. "एवढी मी नाही गो," म्हणाली. पण दिवसभर गुणगुणत होती.

रविवारी सकाळी आम्ही पक्षाच्या हॉलवर गेलो. पोळीभाजी केंद्रातल्या बायका, फुटपाथवर मासे विकणाऱ्या मावश्या, काकी, सगळ्या इस्त्रीच्या साड्यांत. दारात वॉर्डाध्यक्ष उभे. आत्याला बघून म्हणाले,

"वहिनी, तुम्ही या. पण मत नाही देता येणार. फक्त क्रियाशील सभासद."

"मग आम्ही कोण?" काकी म्हणाली. "झोपलेले सभासद?"

बायका हसल्या. अध्यक्षही हसले. "मी नाही हो ठरवलं. शनिवारच्या बैठकीला नेमाने बसतो, तो क्रियाशील. पक्षाचा नियम आहे."

"शनिवारी माझी दुसरी पाळी असते," आत्या म्हणाली. "तुम्हाला माहीताय."

"माहीताय ना वहिनी. म्हणून तर वाईट वाटतं."

आम्ही वर्षानुवर्षं स्वतःला पक्षातल्या समजत होतो. पत्रकं वाटली, जिने चढलो, म्हाताऱ्यांना हाताला धरून मतदानाला नेलं. दिवसभर पायांवर असणारी बाई पक्षाच्या भाषेत क्रियाशील नव्हती; खुर्चीत बसणारा होता. निवडणुकीला कोणी उभं राहायचं ते बसलेले ठरवणार होते.

उभं राहायला ती अट नव्हती, म्हणून आत्याचं नाव पुकारलं गेलं, तिच्यासाठी थोडे हात वर झाले. मग वॉर्डातल्या मांडववाल्याचं नाव. तो एकही शनिवार चुकवत नसे. फुटपाथ मोकळे करीन, म्हणाला, एकही टोपली दिसणार नाही. हॉल टाळ्यांनी भरला. टाळ्या वाजवणाऱ्यांच्या घरी मासळी त्याच टोपल्यांतून जाते, पण टोपलीवाल्या जिन्यात उभ्या होत्या आणि त्यांचे हात मोजायचे नव्हते.

आमच्या वॉर्डात लोक चिन्हाला मत देतात. आजोबांनी दिलं, वडिलांनी दिलं, आपणही देतो. त्यामुळे त्या हॉलने ज्याला निवडलं तो नगरसेवक झाल्यातच जमा. सगळ्या वॉर्डाची निवडणूक रविवारी चहा यायच्या आत आटपली होती, आणि वॉर्डाला ते माहीतही नव्हतं. हुकूमशाही म्हटलं तर लोक रस्त्यावर येतील. याला आम्ही पक्षांतर्गत लोकशाही म्हणत होतो, आणि आत्याच्या पत्रकात तिचं स्वागत मीच लिहिलं होतं.

त्यानंतर आत्या गॅलरीत कपडे गप्प वाळत घालू लागली. काकीने एकदा मुद्दाम छेडलं, "काय गो, भगिनी गेल्या कुठे?" आत्याने चिमटा दातांत धरलेला होता, तो तसाच राहू दिला. ते अर्धवट भाषण, ती झटकलेल्या परकराची फट्‌ आणि त्यामागून येणारं खणखणीत वाक्य, यांची मला आजही भूक लागते. ती जिंकली असती की नाही, कोण जाणे. हरली असती तरी वॉर्डाकडून हरली असती.

मतदानाच्या दिवशी आम्ही दोघी एकत्रच गेलो. बाहेर आल्यावर मी विचारलं, "दिलंस त्याला?"

"चिन्हाला दिलं," ती म्हणाली. बोटावरची शाई ओली होती, म्हणून पदर दुसऱ्या हाताने सावरला. "नाव नाही वाचलं. तू?"

मी आत सगळी नावं वाचली होती, वरपासून खालपर्यंत, तिचं नाव नसणार हे माहीत असून. टेबलावरच्या बाईंनी "झालं का?" विचारेपर्यंत वाचत होते.