मरायला विसरलेल्या पेशी

बीडमध्ये तेव्हा नुकत्याच खासगी लॅब निघाल्या होत्या. त्यातल्या एकीत, वडिलांच्या आतड्यातल्या गाठीच्या तपासण्यांसाठी, मी पाटोद्याहून सारखा जायचो. तिथला टेक्निशियन खालमानेनं, थकल्या आवाजात बोलायचा आणि रिपोर्ट नेहमी टेबलावर पालथा ठेवून द्यायचा.

गाठ कॅन्सरची निघाली त्या दिवशी वडील सोबत होते. त्यांनी त्या टेक्निशियनलाच विचारलं, “कावून झालं हे? कोनाचं वाईट केलं मी?”

त्यानं पहिल्यांदाच मान वर केली. “काका, जुन्या पेशी येळेवर मराव्यात म्हणून अंगात प्रथिनं असत्यात. ती बिघडली, की पेशी मरतच न्हाईत, साठत जात्यात. तुमचं काई चुकलं न्हाई.”

परतताना मांजरसुंब्याला वडिलांनी कित्येक दिवसांनी आपणहून चहा मागितला. लॅबमधला तो टेक्निशियन मात्र तोवर दुसऱ्या कुणाला हेच समजावत असेल.