आत्याची कात्री

माझी आत्या इस्त्र्या, हीटर आणि मिक्सर दुरुस्त करते आणि सगळी गल्ली तिला कातरबाई म्हणते. जळकी वायर दुकानात आली की ती आधी पिन कापते, मग गिऱ्हाइकाशी बोलते. नवी वायर लावून घ्या, नाहीतर हे धूड असंच घरी न्या! गिऱ्हाईक आरडाओरडा करतं, ती खुशाल करू देते. कापलेल्या पिना काचेच्या बरणीत, सगळ्यांना दिसतील अशा ठेवलेल्या असतात. मला विचाराल तर आमच्या खानदानात त्या बरणीइतकी देखणी वस्तू दुसरी नाही.

हिवाळ्याची सुट्टी लागली की तिच्या अंगातच येतं. माळ्यावरचे हीटर खाली उतरतात, खिडक्यांवर दिव्यांच्या माळा चढतात, घरोघरी पाहुणे येतात आणि सगळा भार एका बिचाऱ्या बोर्डावर पडतो.

त्या वर्षी बाबांनी त्यांच्या साहेबांना सहकुटुंब जेवायला बोलावलं होतं. घर कसं झकास दिसायला हवं! वायरींचं जंजाळ दिसू नये म्हणून त्यांनी एक्स्टेंशन बोर्ड चक्क गालिच्याखाली दडपला. त्यावर दिव्यांच्या माळा, चहाची किटली आणि आतल्या खोलीतला आबांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा, हीटर.

पाहुणे येऊन बसले आणि मागोमाग आत्या आली. चपला काढून गालिच्यावरून निघाली ती मधेच थबकली. पाऊल उचललं, पुन्हा टेकवलं.

"दादा, गालिचा गरम लागतोय."

"थंडीत गरम गालिचा! मजा आहे की," बाबा म्हणाले. साहेब हसले.

आत्या हसली नाही. तिनं भिंतीतली पिन उपसली आणि गालिचा उलटला. खाली करपलेला तपकिरी डाग होता. कात्री पिशवीत असतेच. पाहुण्यांच्या देखत तिनं बोर्डाची वायर कापून टाकली.

बाबांचा चेहरा लालबुंद झाला. "स्वतःचं घर नाही ना तुला, म्हणून दुसऱ्याच्या घरात लुडबुड! आता आबा कुडकुडत बसतील, त्याचं काय?"

आत्यानं लग्न केलेलं नाही, ती दुकानामागच्या खोल्यांत राहते. बाबांचं बोलणं तिला कुठं लागलं ते मला दिसलं. मला बाबांचा भयंकर राग आला. तो अजून पुरता गेलेला नाही.

"आबा नाही कुडकुडणार," ती म्हणाली. "ते माझ्या घरी येतायत. आबा, टोपी घाला."

आबांनी टोपी घातली, साहेबांना "सावकाश जेवा हं" म्हणाले आणि आत्याचा हात धरून निघाले.

दुसऱ्या दिवशी बाबा दुकानात गेले. मीही गेले, तमाशा बघायला. आबा मागच्या खोलीत रजई गुंडाळून बिस्किटं खात होते.

"चला आबा, घरी."

"त्यांच्या खोलीत हीटरला भिंतीतून वेगळा पॉइंट काढल्याशिवाय नाही," आत्या म्हणाली.

"मग काढ ना तू!"

"काढते. आधी कालचं बोलणं मागं घे. चारचौघांत बोललास, चारचौघांतच घे."

दुकानात गिऱ्हाइकं होती. एकही हलेना. बाबांनी बरणीकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं. "चुकलं माझं," ते पुटपुटले. "घर आहे तुला."

"मागच्यांना ऐकू नाही आलं."

"घर आहे तुला!" बाबा ओरडले. "आणि माझं काल तुझ्यामुळे वाचलं!"

आत्यानं हत्यारांची पिशवी खांद्याला लावली. आबा मात्र जागचे हलले नाहीत.

"पॉइंट बसवा, नाहीतर राहू द्या," त्यांनी रजई गळ्यापर्यंत ओढली. "सुट्टी संपेपर्यंत मी माझ्या लेकीच्या घरी आहे."