जातंय का बघू आधी

एक डोळा मिटायचा, ओठ दुमडून घ्यायचे, डाव्या हातात पार्ट धरायचा आणि उजव्या हातातलं गेज त्याच्या भोकाशी नेऊन पुटपुटायचं, "जातंय का बघू आधी." आमच्या मावशींचं हे दिवसभर चालायचं. एका शिफ्टला चार-पाचशे पार्ट, तितक्याच वेळा ते वाक्य. मला सुरुवातीला त्याचं हसू यायचं. पुढं पुढं ते ऐकलं की पोटात दुखायला लागलं. का, तेच सांगते.

शिरूरजवळच्या ज्या कारखान्यात मी नोकरी करते, तिथं गाड्यांना लागणारे लोखंडी पार्ट बनतात. गेज म्हणजे बोटाएवढा पोलादी दांडा. त्याचं एक टोक पार्टच्या भोकात सहज गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. तेवढं जमलं की माल पास. नाहीतर ट्रेला लाल टॅग बांधायचा, त्यावर कारण लिहायचं आणि खाली आपली सही करायची. हे माझं काम. मी बीएस्सी आहे, हेही आत्ताच सांगून टाकते, कारण पुढच्या दुखण्याचं मूळ तिथंच आहे.

मावशी पाचवी पास. घोड नदीच्या काठचं, इनामगावच्या अलीकडचं गाव. सासऱ्यापर्यंत मेंढरं राखलेलं घर, आता दोन एकर ऊस. आमच्याकडं त्या ठेकेदाराच्या झाडूवाल्या म्हणून आल्या. जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाखालून झाडू फिरवता फिरवता एक दिवस थांबल्या.

"मॅडम, ही खुंटी घालून काय बघता वो तुम्ही?"

मी दाखवलं. मला शिकवायला आवडतं, आणि समोर एकच माणूस असलं की माझं तोंड झकास चालतं. महिनाभर डबा घाईनं आटपून मी त्यांना शिकवलं. गेज पुसून घ्यायचं, सरळ धरायचं, ढकलायचं नाही, आपसूक जाऊ द्यायचं. "आणि मावशी, गेज लावल्याशिवाय टॅग लावायचा नाही. नुसत्या नजरेवर विश्वास ठेवायचा नाही." हे वाक्य माझं आहे. तेवढं लक्षात ठेवा.

त्यांची नजर मात्र माझ्या गेजपेक्षा तयार होती. ट्रेवरून हात फिरवता फिरवता एखादा पार्ट उचलायच्या. "ही लंगडी हाय."

"कशावरून?"

"कळपातली लंगडी लांबूनच कळती की."

तरी गेज लावायच्याच. आणि ती लंगडीच निघायची.

वर्षभरात झाडू सुटला, अंगात निळा एप्रन आला, मावशी चेकर झाल्या. बाहेरून आलेल्या पोरांशी त्या खुशाल हिंदी बोलायला लागल्या. "भैया, जाता न्हाई तो ढकलने का न्हाई. वो क्या बैल हाय?" पोरं हसायची, पण ढकलायची थांबायची. मी तीच सूचना शुद्ध हिंदीत कागदावर लिहून भिंतीला चिकटवली होती. ती कुणी वाचली असेल असं मला वाटत नाही.

आता माझी गोष्ट. माझ्या लग्नात घास भरवताना उखाणा घ्यायला लावला. पहिली ओळ मी ठसक्यात म्हटली आणि दुसरी गेली ती गेलीच. सगळ्या बायका वाट बघत होत्या. शेवटी मी नवऱ्याचं नुसतं नाव घेतलं, तेही आडनावासकट, शाळेत हजेरी घेतात तसं. मांडवात जो हशा उठला तो माझ्या सासरी अजून पुरवून पुरवून वापरतात. त्या दिवसापासून मी ठरवून टाकलं की चार माणसांत आपलं तोंड उघडत नाही. नंतर कुणी विचारलं की मी हेच सांगायचे, आणि लोकांनाही ते पटत गेलं.

मावशींना हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. भाकरीचा तुकडा मोडत म्हणाल्या, "मग दुसरी ओळ ऱ्हायलीच म्हना की तुमची." मला राग आला. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग चेन्नईहून तपासणीला एक साहेब आले. त्यांना मराठी येत नव्हतं, हिंदी जेमतेम. ते आमच्या लाइनवर येणार हे कळताच मी बाथरूममध्ये गेले आणि पंधरा मिनिटं हात धूत बसले. बाहेर आले तर मावशी त्यांच्यापुढं उभ्या. एक डोळा मिटलेला. "सर, धिस साइड गो. धिस साइड न्हाई गो." साहेबांनी त्यांच्याच हातून गेज घेतलं आणि स्वतःचा एक डोळा मिटून बघितलं. अख्ख्या लाइननं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. ओल्या हातांनी.

तुमच्याही ओळखीत असं कुणीतरी असेल. आपणच बोट धरून चालायला शिकवावं आणि त्यानं पळत पुढं निघून जावं. वरून आपण कौतुक करतो. आतून काय होतं ते मी सांगते. मला त्या बाईंचा हेवा वाटायचा. पगाराचा नाही, टाळ्यांचाही नाही. त्यांना लाज कशी वाटत नाही, याचा.

दौंडकडं आमचा नवा प्लांट उभा राहिला. तिथल्या नव्या पोरींना तपासणी शिकवायला इथून एक जण पाठवायचं ठरलं. आमच्या मॅनेजरसाहेबांनी आधी मलाच बोलावलं. त्या जागेसाठी मी किती दिवस झुरत होते ते मलाच ठाऊक. आणि तोंडातून काय निघालं? "नको साहेब, मला चार माणसांत बोलायला जमत नाही." साहेबांनी मान हलवली आणि मावशींना बोलावलं. मावशी म्हणाल्या, "जमतंय का बघू की."

दुसऱ्या दिवशी त्यांचा ट्रे माझ्याकडं शेवटच्या तपासणीला आला. मी वरचा एक पार्ट उचलला, ठेवला, लाल टॅग काढला, त्यावर "भोक लहान" असं लिहिलं आणि सही ठोकली. गेज खिशातच होतं. ते मी बाहेर काढलं नाही.

मावशी आल्या. टॅग वाचला. माझ्यासमोर दहा पार्ट एकेक करून गेजवर घातले. दहाच्या दहा पास.

"सही तुमची हाय?"

"हो."

"गेज लावलं व्हतं?"

मी पुढचा ट्रे ओढला. त्यांनी टॅग सोडवला, घडी घातली आणि एप्रनच्या खिशात ठेवला. मला वाटलं, आता ही बाई थेट साहेबांकडं जाणार. त्या गेल्या नाहीत. हळू आवाजात म्हणाल्या, "मला लावला त्याचं काय न्हाई, मॅडम. मी परत तपासून घीन. तुम्ही सोत्ताला लावून बसलाय, त्यो कोन तपासायचा?"

"मला अक्कल शिकवू नका," मी म्हणाले.

आमचं शेवटचं बोलणं ते एवढंच. सोमवारी त्या दौंडला गेल्या. निरोपाचे पेढे सगळ्या लाइनला वाटले. माझ्या टेबलावर दोन ठेवलेले होते. फोन करावा असं अनेकदा वाटलं. नंबर काढायचे, पण बोट पुढं जायचं नाही. मावशींच्या खुर्चीवर दुसरी मुलगी बसायला लागली. ती कामाला चांगली आहे, पण मुकाट्यानं तपासते. लाइन फार शांत वाटते.

गेल्या महिन्यात दौंडच्या आठ मुली आठवडाभरासाठी आमच्याकडं आल्या. माझ्या टेबलाभोवती उभ्या राहिल्या. त्यातल्या वरवंडच्या मुलीनं गेज उचललं, एक डोळा मिटला आणि म्हणाली, "जातंय का बघू आधी." मला कसंसंच झालं.

"असंच शिकवतात का तिकडं?"

"व्हय. आमच्या मावशी शिकवतात. पयल्या दिवशी एक लाल टॅग दाखवतात. गेज न लावता लावलेला टॅग हाय म्हंत्यात. असं कवा करायचं न्हाई."

मी विचारलं, "त्यावर सही कुणाची आहे?"

"दिसत न्हाई. सहीवर त्यांनी चिकटपट्टी लावलीया. इचारलं तर म्हंत्यात, त्या बाईंनीच मला समदं शिकवलं, त्यांचं नाव इचारायचं न्हाई."

आता सांगा, अशा बाईचा हेवा करू नये तर काय करावं? माझी चूक नेली, तिचा धडा केला, आणि माझं नाव तेवढं झाकून ठेवलं. मला यातलं एकही सुचलं नसतं.

आठही जणी माझ्याकडं बघत होत्या. बाथरूम वीस पावलांवर होतं. तिकडं एकदा नजर गेली, खोटं कशाला बोलू. मग मी टेबलाची कड धरली आणि म्हणाले, "ती सही माझी आहे."

मागं उभी असलेली एक जण पुढं वाकली. "मॅडम, ऐकू न्हाई आलं."

मी परत सांगितलं. मोठ्यानं.