पूजेतली दुर्बीण

“हात नको लावूस. पूजा झाली आहे तिची.”

तिची म्हणजे दुर्बिणीची. खंडेनवमीची संध्याकाळ. नागपुरातल्या आमच्या कॉलेजची गच्ची. सकाळीच सरांनी दुर्बिणीला हळदकुंकू वाहिलं होतं, झेंडूचा हार घातला होता. आता ते खगोल मंडळाच्या पोरांना तिच्यातून शनी दाखवत होते. मी रांगेत पुढे होते, तर म्हणाले, “तू थांब जरा.” थांबले. हजेरीत माझं आडनाव ऐकल्यापासून सरांकडे माझी पाळी कायम शेवटी.

त्या दुर्बिणीला मोटर नव्हती. पृथ्वी फिरत असते, म्हणून ग्रह जरा वेळात नजरेबाहेर सरकतो. प्रत्येक पोरामागे सर नळी हलकेच सरकवून शनी पुन्हा मधोमध आणून द्यायचे. माझी पाळी आली आणि त्यांनी हात मागे बांधले. मी डोळा लावला. आत नुसता काळोख.

“दिसला? चल, हो बाजूला.”

“नाही दिसला, सर.”

“सगळ्यांना दिसला. तुलाच कसा दिसत नाही?”

पोरं हसली. मला असा संताप आला की कान तापले. मी सरळ नळीला हात घातला, तेव्हा सरांचं ते पूजेचं वाक्य आलं. ऐकलं नाही. नळीवरून नेम धरला, सरकवली. आला. एवढासा, कडं घातलेला, थरथरणारा. मी पोटभर पाहिला. मागे सर ओरडत होते, ओरडोत. दसऱ्याच्या सुट्टीनंतर त्यांनी मला मंडळातून काढलं.

घरी आई उद्या दीक्षाभूमीवर नेसायच्या पांढऱ्या साडीला इस्त्री करत होती. माझा तळवा पाहून म्हणाली, “हे कुंकू कुठून लागलं वं तुले?” मी सांगितलं. तिने इस्त्री उभी करून ठेवली. मग म्हणाली, “हात धू, आन् अभ्यासाले बस.”

बसले, ती अजून उठलेली नाही. शनीच्या कड्यांवर काम करते. परदेशातल्या मोहिमा माझं मत विचारून पुढे जातात. मंगळापलीकडे फिरणाऱ्या एका लघुग्रहाला तर माझं आडनाव दिलं आहे.

आणि यंदा कॉलेजचा फोन. सत्कार करायचा म्हणे. आनंद व्हायला हवा होता, झाला नाही. निमंत्रणपत्रिका आली, तिच्यात नेमकं आडनावच गायब. छपाईची चूक, म्हणाले. असेल. मला नाही वाटत. नागपुरातून, बेस्याहून आईचा फोन आला, “एवढ्या वर्षांनी काहून बोलावून राहिले ते तुले? काहीतरी हाय त्यायच्या मनात.”

होतंच. गच्चीवर नवी वेधशाळा बांधली आहे, तिला सरांचं नाव द्यायचं होतं. गेले, तर प्राचार्यांनी माझ्यासमोर मंचावर फलकाचा मजकूर वाचला: ‘ज्यांनी आमच्या विद्यार्थिनीला हात धरून पहिला शनी दाखवला.’ त्याखाली माझं नाव. माझं सगळं आयुष्य सरांच्या खात्यावर जमा, आणि साक्षीदार मीच.

सर आता थकले आहेत. मला शाल घालताना कानाशी पुटपुटले, “जुनं काही मनात ठेवू नकोस.”

म्हणजे आठवत होतं. सगळं आठवत होतं.

मी माईकपाशी गेले. आधी पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट. मग गच्ची, झेंडू, मागे बांधलेले हात, आतला काळोख. प्राचार्यांनी ‘आवरा’ अशी खूण केली. मी आवरलं नाही. टाळ्या वाजल्या नाहीत. सर मांडीवरच्या हाराकडे बघत बसले होते.

फलक तूर्त थांबवलाय, असं कळवलं आहे. माझा विश्वास नाही. मी विमानात बसले की लावतील. लावू देत. शनी मला कोणी दाखवला नाही, नळीला हात घालून मी तो पाहिला. फलक लागला, तर त्याच्यासमोर उभी राहून हे सांगायला मी दरवर्षी येणार आहे. खंडेनवमीलाच येणार आहे.