रोटरी इंजिन आणि आईचे बोंबील

मंडळी, आज घराबाहेर हाकललं जाता जाता वाचलो.

भंगारातून आणलेल्या माझ्या गाडीचं इंजिन रोटरी आहे. म्हणजे आत पिस्टन नाही, तिकोनी रोटर गरगर फिरतो. ताकद वाढावी म्हणून मी धूर बाहेर पडायच्या पोर्टमधली स्लीव्ह, म्हणजे आतली धातूची नळी, घासून घासून रुंद केली. आज सकाळी घाईत सायलेन्सर न लावताच चावी फिरवली.

असा बार उडाला की डहाणूच्या खाडीपलीकडेही ऐकू गेला असेल!

बाजूलाच आई बांबूंवर बोंबील वाळत टाकत होती. ती काठी घेऊनच आली. "मेल्या, आजच्या आज ही गाडी परत भंगारात टाकून ये!"

तेवढ्यात तिचं लक्ष वर गेलं. बोंबलांवर टपलेले सगळे कावळे गायब!

काठी खाली आली. "परत वाजव रे."

मग काय, आई हाक मारायची आणि मी बार काढायचो. शेजारी बोंबील वाळवणारी मावशी म्हणाली, "गाडीचं बूड जरा आमच्याकडे कर."

आता संध्याकाळी बॉनेटवर दोन कावळे बसलेत, चोचीत आमचेच बोंबील. मी बार काढला. एकाने फक्त मान वळवून बघितलं.

आई पुन्हा काठी शोधतेय. कावळ्यांसाठी की माझ्यासाठी? तुम्हाला काय वाटतं?