नीट झालेलं मशीन

नौबादच्या स्टँडसमोर नरसिंगनं कॅसेटचं दुकान थाटलं, तेव्हा मी तिथल्या शाळेत नवा मास्तर होतो. पुढे विकायच्या कॅसेटी: भीमगीतं, कन्नड वचनं, कव्वाल्या. मागच्या खोलीत त्याचा मोठा टेपरेकॉर्डर. त्यावर तो खेड्यापाड्यांतल्या गाणाऱ्या बायकांची गाणी भरून घ्यायचा. बायका बुजायच्या, मग त्याची बायको सरुबाई त्यांना चहा पाजून बोलतं करायची.

तक्रार एकच यायची. "नरसिंगअण्णा, तुमच्याकडं भरलेली कॅसेट घरी लावली की आवाज जड येतोय."

"तुमच्या टेपचे सेल उतरलेत," नरसिंग म्हणायचा.

माणूस गोड, पण या बाबतीत अडेलतट्टू. खरं तर त्याचंच मशीन जरा जोरात पळायचं. त्यामुळे त्यावर भरलेलं त्याच्यावरच बरोबर वाजायचं.

नरसिंग आणि सरुबाई गेले. आता दुकान त्यांचा मुलगा, माझा विद्यार्थी प्रेमानंद चालवतो. पुढे मोबाइलची कव्हरं टांगलेली. कॅसेटी कुणी विचारत नाही. मागच्या आठवड्यात मात्र चिंताकी गावची अंबिका आली. तिची आई राजूबाई इथं हळदीची गाणी म्हणून गेली होती. राजूबाई आता नाही आणि अंबिकेच्या मुलीचं, विजयश्रीचं लग्न ठरलंय.

"पोरीला हळद आज्जीच्या गाण्यावर लागू दे, अण्णा."

कॅसेट सापडली, पण मशीनचा पट्टा वितळलेला. प्रेमानंद मशीन घेऊन कलबुर्गीला शिवराज मेकॅनिककडे गेला. शिवराजनं पट्टा बसवला आणि कुणी न सांगता वेगही दुरुस्त करून दिला.

अंबिकेनं कॅसेट ऐकली. "ही माझी माय न्हाई. बाप्या माणूस गायलाय कोणतरी."

प्रेमानंदच्या मुलीनं, रूपालीनं गाणं लॅपटॉपवर घेऊन वेग वाढवला. "असं का, आत्या?"

"अजून बारीक."

"आता?"

"आता लेकरू रडल्यावाणी वाटायलंय." असं पाच-सहादा झाल्यावर अंबिकेनं डोळ्यांना पदर लावला. "थांब गं. माय कशी बोलायची, तेच इसरायलंय मला."

प्रेमानंदनं कपाळावर हात मारला. "मशीन नीट करा म्हणून बापानं जलमभर कुणाचं ऐकलं न्हाई, अन् ह्या शिवराजनं न सांगताच केलं! कामून केलं असंल?"

दुसऱ्या दिवशी तो मला घेऊन कलबुर्गीला गेला. हळद परवावर आलेली.

"हे आधी होतं तसं बिघडवून द्या."

शिवराज माझ्याकडे बघून हसला. "नीट केलेलं कोण बिघडवून मागतंय, सर?" मग प्रेमानंदचा चेहरा पाहून त्यानं पेचकस उचलला. "बरं. किती जोरात पळायलं होतं, तेवढं सांगा."

प्रेमानंदनं माझ्याकडे पाहिलं. त्या दुकानात बसून इतकी वर्षं मी राजूबाईची कॅसेट ऐकत आलो होतो.

"ऐकायला बरं वाटायचं, तेवढं," मी म्हणालो.

शिवराजनं पेचकस खाली ठेवला.